डाव्या हाताची गिटार

मार्च लागला की आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या आवारातला कडुनिंब पानं गाळायला लागतो आणि मला राग यायला लागतो. बाकीच्यांना या दिवसांत घाम येतो, झोप येते, कुणाकुणाला ताप येतो. मला राग येतो. सकाळी सक्करदऱ्याच्या तलावाकडून थोडी बरी हवा सुटते, दहापर्यंत तीही भाजून निघते. कूलरना नव्या ताट्या बसलेल्या असतात, त्यांचा ओला गवती वास व्हरांड्यात पसरतो. त्या वासाबरोबर बारावीची परीक्षा येते, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात, आणि मी, फिजिक्स शिकवणारी बाई, पर्यवेक्षक म्हणून तीन तास वर्गात येरझाऱ्या घालते.

यंदा वर्गात नव्या खुर्च्या आल्या. लोखंडी, आणि उजव्या हाताशी लिहायला छोटीशी फळी जोडलेली. सगळ्या उजव्याच. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी कमरेतून पूर्ण वळून बसली होती. डावा हात अंगावरून ओढत तिनं त्या फळीवर आणला होता, मान वाकडी, पेपर तिरपा, एक पाय खुर्चीबाहेर. मी प्रयोगशाळेतून एक टेबल ओढत आणलं. फरशीवर त्याच्या पायांचा इतका कर्कश आवाज झाला, की शेजारच्या वर्गातले सहकारी धावत आले.

"मॅडम, तीन तासांचाच तर प्रश्न आहे. इतकं काय त्यात?"

मुलगी टेबलाशी सरळ बसून लिहायला लागली. मी मात्र तीन तास धुमसत होते. इतकं काय त्यात! हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय.

मी डावखुरी. आमच्या कामठीत डेबरी म्हणायचे. त्या शब्दातच कुणीतरी तोंड वाकडं केल्यासारखं वाटतं. लहानपणी पंगतीत बसले की वाढणारी बाई थांबायची. "ह्या हातानं नाही वं, त्या हातानं." खीर समोर, भूक पोटात, आणि मी माझा हात लपवायची, जणू तो कुठून चोरून आणला होता. शाळेत बाई पट्टी मारायच्या, तीही डाव्याच हातावर. पुढे भाषेकडे लक्ष जायला लागलं तसा आणखी चिडचिडाट व्हायला लागला. चांगला ठरला तो उजवा ठरला. भेदभाव केला तर डावं-उजवं केलं. एखाद्याला मुद्दाम बाजूला सारलं तर त्याला डावललं. शब्दकोश लिहिणाऱ्यांनी त्या शब्दाची फोड काय केलीय मला माहीत नाही, मला तरी त्यात माझा हातच दिसतो.

तर ही त्या मार्चची गोष्ट, जेव्हा मी वीस वर्षांची होते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि मला गिटार वाजवायची होती.

सीताबर्डीत कपड्यांच्या दुकानांवर दुसऱ्या मजल्यावर एक गिटारचा क्लास होता. तेव्हा मेट्रो नव्हती. कामठीहून सीट ऑटोत चौघींच्या मध्ये कोंबून बसायचं, उतरल्यावर ओढण्यांच्या आणि चार्जरांच्या ठेल्यांमधून वाट काढायची, आणि तो अरुंद जिना चढायचा. वर पोचलं की खालची ओरड एकदम बारीक व्हायची आणि आठ-दहा गिटारींचा एकत्र झणकार कानावर पडायचा. मला तो जिना फार आवडायचा. पहिल्याच दिवशी मी गिटार हातात घेतली ती सहज, मला सुचली तशी. मान उजव्या हातात, छेडायला डावा.

क्लासचे सर हसले. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आज म्हणू शकते. पन्नाशीचे, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, बोटं सुंदर चालायची. पण त्यांनी माझ्या हातातली गिटार काढून उलटी करून पुन्हा माझ्या हातात दिली, एखाद्या बाळाला दूध पाजताना नीट धरायला शिकवावं तशी.

"अशी धरतात."

"सर, मी डावखुरी आहे."

"मग काय झालं? दुनिया ज्या हातानं वाजवते त्याच हातानं वाजवायचं. सवय होते. आणि डाव्या हाताची गिटार आख्ख्या नागपुरात शोधून दाखव मला."

ते खरंच होतं. मी दुकानोदुकानी विचारत फिरले. एकानं सांगितलं, अशी गिटार नसतेच. दुसऱ्यानं दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला गंमत म्हणून ऐकवलं, "हिले उलटी गिटार पाह्यजे."

आठ महिने मी उजव्या हातानं छेडत राहिले. डाव्या हाताची बोटं मानेवर झरझर चालायची, आणि उजवा मनगटातून लाकडासारखा. ताल मला कळत होता, पायाला कळत होता, डाव्या हाताला तर तोंडपाठ होता. उजव्याला तो सांगून कळत नव्हता. सर म्हणायचे, "तुझा हात जड आहे. तुला ताल नाही." ताल नाही! माझ्या आईच्या माहेरी तीन पिढ्या भजनी मंडळात ढोलकी वाजवणारी माणसं. मी ऐकून घेतलं. विसाव्या वर्षी माणूस किती ऐकून घेतं याचं मला आता आश्चर्य वाटतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एके दिवशी मी क्लासमध्ये लवकर पोचले. कोणी नव्हतं. कोपऱ्यातल्या एका जुन्या गिटारीच्या तारा मी काढल्या, उलट्या क्रमानं लावल्या आणि ती डाव्या हातानं वाजवली. सूर धड लागत नव्हता, पण हात! बांधलेलं जनावर सोडल्यावर पळतं तसा तो हात पळाला. मी हसत होते, एकटीच, मोठ्यानं. दारात सर उभे होते, त्यांच्यामागे सगळी बॅच.

"वाद्याची काही इज्जत असते," ते म्हणाले. "आधी हात बदल, मग वर ये."

घरी मी रडत पोचले नाही, हे मुद्दाम सांगते. चिडून पोचले. पण रागानंही डोळे लाल होतातच.

आमचं घर कामठीत, मागांच्या गल्लीत. दोन्ही बाजूंना पॉवरलूम, दिवसभर खटाक-खटाक-खटाक, इतकं की बाहेरगावचे पाहुणे आले की पहिला दिवसभर ओरडून बोलायचे. बाबा अशाच एका कारखान्यात मागांचे मिस्त्री होते. माग अडला, आडवं सूत नेणारा धोटा उडाला, सूत तुटायला लागलं, की हाक बाबांना. तीस वर्षं त्या आवाजात काढल्यामुळे त्यांचे कान गेले होते. पूर्ण नाही. बारीक आवाज गेले होते. पक्षी, मोबाइलची रिंग, आईची हळू हाक. मालकानं कधी कानात घालायला काही दिलं नाही. मागितलं तेव्हा म्हणाला, कापूस काय कमी आहे काय आपल्याकडे.

बाबांना सगळं दोनदा सांगावं लागायचं, त्यामुळे माझा अपमान मला दोनदा सांगावा लागला. दुसऱ्यांदा सांगताना तो आणखी मोठा झाला.

"काहून वं, हात काहून बदलायचा?" बाबांनी विचारलं.

"गिटार उजव्या हाताची असते म्हणून."

"कोणं बनवली ते?"

"म्हणजे?"

"माणसानंच बनवली ना? मंग आपण दुसरी बनवू."

आई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, पण ती चूलच म्हणायची, तिथून म्हणाली, "हो, आता हेच राह्यलं होतं." पण बाबा तेव्हाच उठून टेप शोधायला लागले होते.

तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं, की बाबा टेप डाव्या हातानं ओढतात, पाना डाव्या हातानं फिरवतात, हातोडी डाव्या हातात. लिहितात मात्र उजव्यानं, आणि ते अक्षर पहिलीच्या पोरासारखं. विचारलं तर म्हणाले, "मास्तरनं बांधला होता हा. दोरीनं. बाकाच्या पायाले. दोन महिने." इतकंच. दोन महिने बांधलेला हात. मी इतकी वर्षं त्यांच्या त्या वाकड्या अक्षराला मनातल्या मनात हसत आले होते.

कारखान्यातला एक जुना माग भंगारात निघाला होता. धोटा ज्या लांब फळीवरून इकडून तिकडे पळतो, ती जाड फळी बाबांनी मागून आणली. वर्षानुवर्षं तेल पिऊन ती काळपट झाली होती, रंधा मारला की आतून मधासारखं लाकूड निघायचं आणि घरभर तेलाचा, सुताचा, जुन्या उन्हाचा वास. तीन तुकडे जोडून गिटारीचं धड झालं. मान, तारा ताणायच्या खुंट्या आणि आवाज उचलणारं पिकअप सीताबर्डीच्या एका वाद्यदुरुस्तीवाल्याकडे पडलेल्या फुटक्या गिटारीतून मिळालं. मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून येतात ती पट्टी उजव्या हाताची होती, जाड तारेची खाच नको त्या बाजूला. ती बाबांनी फेकली आणि धोट्याला टोला देणाऱ्या नायलॉनच्या ठोकळ्यातून नवी कोरली. एक जुना टेपरेकॉर्डर उघडून त्याच्या स्पीकरला वायर जोडली.

राहिला ब्रिज. धडावर जिथे तारा येऊन टेकतात तो धातूचा तुकडा. सतारवाले त्याला घोडी म्हणतात. बाबांना तो शब्द इतका आवडला, की ते शेवटपर्यंत घोडीच म्हणत राहिले. "घोडी बसली की काम झालं."

घोडी बसवणं म्हणजे जीव टांगणीला. ती जरा डावीकडे-उजवीकडे गेली तर कडेची तार मानेवरून घसरते. जरा पुढे-मागे गेली तर मोकळी तार सुरात आणि दाबलेली बेसूर. मानेच्या टोकापासून मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत, म्हणजे बाराव्या फ्रेटपर्यंत, जेवढं अंतर, तेवढंच तिथून घोडीपर्यंत हवं. हे मी बाबांना कागदावर काढून दाखवलं. बाबांनी कागद बाजूला ठेवला आणि मागाचं पांढरं सूत काढलं. नायलॉनच्या पट्टीच्या दोन टोकांच्या खाचांतून दोन धागे त्यांनी मानेवरून खाली धडापर्यंत ताणले आणि टोकाला खिळ्यांना बांधले. मग जमिनीवर पालथे झाले, एक डोळा मिटून त्या धाग्यांच्या रेषेत बघत राहिले. मानेच्या दोन्ही कडांपासून धागा सारखाच दूर आहे का, वरपासून खालपर्यंत. एक खिळा केसभर सरकवला. पुन्हा पालथे. पुन्हा केसभर.

"ताणा सरळ पाह्यजे," ते म्हणाले. "मंग कापड आपोआप सरळ येते."

मार्चची दुपार होती, पत्र्याखाली आम्ही दोघं, बाहेर माग धडधडत होते, बाबांच्या मानेवरून घाम त्या मधाच्या लाकडावर पडत होता आणि मी तो ओढणीनं पुसत होते. दोन धागे त्या लाकडावर असे पडले होते, की मला वाटलं तेच वाजतील.

फुटक्या गिटारीच्या धडावर मूळ घोडी कुठे, कशी होती, त्याचा ठसा बाबांनी बटर पेपरवर घेतला होता. तो कागद धाग्यांच्या मधोमध ठेवून त्यांनी भोकं पाडली. घोडी बसली. तारा चढल्या. मोकळ्या सहाही तारा सुरात लागल्या तेव्हा आईसुद्धा हात पुसत बाहेर आली.

आणि मी मूर्खासारखी ती गिटार घेऊन क्लासला गेले.

काय हवं होतं मला? बहुधा माफी. पोरीनं बापाबरोबर वाद्य बनवून आणलं, तर माणूस निदान हातात घेऊन बघेल असं वाटलं होतं. सरांनी बघितली. मग म्हणाले, "वाजव." मी वाजवली. मोकळ्या तारांपर्यंत ठीक होतं. बोटं मानेवर वर सरकली तशी जाड तार चढी बोलायला लागली आणि बारीक तार उतरलेली. घरी टेपरेकॉर्डरच्या स्पीकरवर, मागांच्या धडधडीत, ते मला कळलंच नव्हतं. इथे, त्या शांत खोलीत, एकेक सूर सगळ्यांसमोर उघडा पडला.

"ऐकलं?" सर बॅचकडे वळून म्हणाले. "उलट्या कामाचा सूर उलटाच लागतो. घरी बनवलेली गिटार घरीच वाजवायची, बेटा."

सगळे हसले नाहीत. दोघं-तिघं हसले. ते दोघं-तिघं मला आजही चेहऱ्यानिशी आठवतात.

परत येताना ऑटोत गिटार मांडीवर आडवी धरून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "पोरी, तुझ्या लाकडाचा कोना मले टोचून राह्यला." मी म्हटलं, "टोचू द्या." नंतर माफी मागितली. पण आधी तेच म्हटलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा. मग गिटार पालथी-उताणी करून पाहिली. धागे पुन्हा ताणले. धागे बरोबर होते. बारावी पट्टी मोजली. तीही बरोबर. मग ते बटर पेपर घेऊन खिडकीशी गेले. उन्हात धरला. त्यावरची घोडीची रेघ सरळ नव्हती, तिरपी होती. जाड तार दाबली की तिचा सूर जास्त चढतो, म्हणून तिला किंचित जास्त लांबी द्यावी लागते. म्हणून घोडी जाड तारेच्या बाजूला थोडी मागे झुकलेली असते. आज हे मी वर्गात फळ्यावर काढून शिकवते. तेव्हा आम्हाला दोघांनाही कळत नव्हतं, आम्ही फक्त होती तशी नक्कल केली होती.

बाबांनी कागद पलटला. त्याची मागची बाजू समोर धरली. रेघ दुसरीकडे झुकली.

पुन्हा एकदा पलटून पाहिला. मग म्हणाले, "आपण घोडी उजवीच बसवली वं."

मला त्या क्षणी सरांपेक्षा स्वतःचा राग आला. मान आम्ही फिरवली, खाचांची पट्टी नवी केली, तारा उलट्या लावल्या, आणि ज्या एका जागी सगळा सूर येऊन टेकतो तिथला कल मात्र डोळे मिटून त्यांचाच घेतला. आपल्या घरात, आपल्या हातानं. मी बडबडत सुटले, की सर म्हणतात तेच खरं, हा हातच वाईट. बाबांना त्यातलं किती ऐकू गेलं कुणास ठाऊक, पण शेवटचं गेलं.

"तुह्या आज्याचा हात चालत नव्हता कोणाले," ते म्हणाले. "डावा काय अन् उजवा काय. विहिरीवर, देवळात, दुकानात, कुठीच चालत नव्हता. त्याच्या हातात वाईट काय होतं, सांग मले? हात वाईट नसते वं. ज्याले तो नको असते, तो कारण शोधते."

त्यांचा आवाज नेहमीच मोठा, कानांमुळे. पण त्या दिवशी तो मोठा होता तो कानांमुळे नव्हे.

भोकं बुजवायला त्यांनी सागाच्या बारीक खुंट्या तासल्या, गोंद लावून ठोकल्या, वाळू दिल्या. मग पलटलेल्या कागदावरून नवी भोकं पाडली. मोठा कल बसला. बारीक राहिला. घोडीवर प्रत्येक तारेला एकेक स्क्रू असतो, तो फिरवला की तारेचा टेकू केसभर पुढे-मागे सरकतो. ते कानानं करायचं काम. आणि गल्लीत तर दिवसभर माग.

आठवड्यातून एक दिवस दुरुस्तीसाठी लाइन बंद असायची. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता गल्ली एकदम थांबायची. ती शांतता ज्यांनी ऐकली नाही त्यांना सांगता येणार नाही. आधी कानात नुसतं गुणगुणतं. मग हळूहळू कावळा, सायकलची घंटी, पलीकडच्या घरात कुणीतरी धुणं आपटतंय, गल्लीच्या तोंडाशी एप्रिलच्या जयंतीची निळी तोरणं बांधणारी पोरं एकमेकांना हाका मारतायत. वीज नाही म्हणून पंखा नाही, स्पीकर नाही. नुसतं लाकूड आणि तारा. मी दोन तारा एकाच स्वरावर आणून एकदम छेडायची. त्या किंचित वेगळ्या असल्या की सूर लाटेसारखा हलतो, वांव-वांव-वांव. मला तो ऐकू येत होता. बाबांना नव्हता. त्यांनी काय केलं, तर डावा तळहात गिटारीच्या धडावर सपाट ठेवला आणि डोळे मिटले.

"हालून राह्यलं," ते म्हणाले. मी स्क्रू फिरवला. छेडलं.

"हालून राह्यलं, पण हळू." आणखी अर्धा फेरा.

"अजून." आणखी थोडा.

बाबांनी तळहात आणखी दाबला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कानांत मला लाट संपलेली कळली होती, पण मी बोलले नाही.

"थांबलं," ते म्हणाले.

सहा तारा, एक अख्खा दिवस. बाबा हात उचलत नव्हते. आई मध्ये दोनदा म्हणाली, "जेवण थंडं होऊन राह्यलं," आणि तिसऱ्यांदा ताट तिथेच आणून ठेवलं. संध्याकाळी लाइन आली, माग सुरू झाले आणि आमची गिटार त्या आवाजात बुडाली. पण ती बरोबर होती. आता बोटं कितीही वर गेली तरी सूर जागचा हलत नव्हता. माझा हात जड आहे असं म्हणणाऱ्याला त्या दिवशी मी माझा हात दाखवायला हवा होता.

दाखवायची वेळ आलीच. जानेवारीतच मी गिटारच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता. सरांनी माझा क्लास बंद केला तरी हॉलतिकीट घरी आलं, आणि केंद्र तोच क्लास. बाहेरगावाहून आलेले परीक्षक पंख्याखाली बसले होते, बाजूला सर. मी डाव्या हातानं वाजवायला गिटार धरली. परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. सर छताकडे. मी नेमलेल्या तिन्ही धुना वाजवल्या. चुकले नाही. परीक्षकांनी कुतूहलानं गिटार मागितली, मांडीवर घेतली, वाजवायला गेले आणि बोटं अडखळली.

"उलटं आहे हे," ते हसून म्हणाले.

"नाही, सर. तुम्हाला उलटं पडतंय."

असं बोलायला नको होतं, असं मैत्रिणी नंतर म्हणाल्या. मी आजही तेच म्हणेन.

निकाल आला. पास. सुराला वीसपैकी अठरा. तालालाही चांगले गुण, त्या जड हाताच्या. आणि खाली एक रकाना, 'हाताची ठेवण'. त्यात गुण शून्य, आणि शेरा: चुकीची.

बाबांनी तो कागद हातात धरला. उजव्या बोटानं शब्दाखाली रेघ ओढत वाचला. "चुकीची," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "चुकीची." दुसऱ्या दिवशी कारखान्यात सुट्टी टाकून ते माझ्याबरोबर सीताबर्डीला आले.

फेरतपासणीच्या अर्जावर केंद्राची सही लागत होती. जिना चढून आम्ही वर गेलो तेव्हा बॅच चालू होती.

"सर, हिचा सूर बरोबर आहे का?" बाबांनी विचारलं.

"हो, ते गुण दिसतायतच."

"ताल?"

"तोही ठीक आहे."

"मंग हात चुकीचा कसा? सूर काय पायानं काढला तिनं?"

"जरा हळू बोला. क्लास चालू आहे."

"मले हळू बोलता येत नाही, सर. कान गेले माहे. तुम्ही जोरानं सांगा, नियम कुठी लिहिला आहे."

सरांनी कपाटातून परीक्षेची पुस्तिका काढली. पानं उलटली. पुन्हा उलटली. गिटारी थांबल्या होत्या, दहा पोरं माना वर करून बघत होती. "असा लिहिलेला नसतो," शेवटी ते म्हणाले. "पद्धत असते."

"मंग सही करा," बाबा म्हणाले.

त्यांनी सही केली. ती करताना त्यांचा चेहरा असा होता, की मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. शेरा कायम. कारण दिलेलं नव्हतं. मी त्या क्लासला परत गेले नाही. पण परीक्षा सोडल्या नाहीत. घरी शिकत राहिले, फॉर्म भरत राहिले, दरवर्षी मार्चमध्ये तीच गिटार घेऊन, तोच हात घेऊन. दुसऱ्या पातळीला पास, ठेवण चुकीची. तिसऱ्या पातळीला पास, ठेवण चुकीची. चौथीला परीक्षक कुणी तरुण बाई होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि वाजवायला सांगितलं. निकालात तो रकाना कोरा होता.

घरच्यांना वाटलं, जिंकलं. पेढे आले. मला मात्र तो कोरा रकाना चुकीच्या शेऱ्यापेक्षा जास्त झोंबला. तीन वेळा चुकीची लिहायला शाई होती. चौथ्यांदा बरोबर लिहायला नव्हती? कोरं सोडणं म्हणजे दार बंद न करता नुसतं लोटून घेणं. आत ये म्हणणं वेगळं. मी परीक्षा घेणाऱ्या मंडळाला पत्र लिहिलं. रकाना कोरा आहे, तो भरावा. उत्तर आलं नाही. पुढच्या मार्चमध्ये स्मरणपत्र टाकलं. त्यालाही नाही. आता ती सवयच झालीय. लग्न झालं, नोकरी लागली, सक्करदऱ्याला बिऱ्हाड झालं, आणि दर मार्चमध्ये एक पत्र जातं.

बाबा आता आमच्याकडे असतात. कानाला यंत्र आहे, ते बहुतेक वेळा टेबलावर पडलेलं असतं. परवा मी पेपर तपासून उठले आणि यंदाचं पत्र लिहायला बसले, तेव्हा ते समोर येऊन बसले.

"गेल्या सालचं उत्तर आलं का वं?" अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्यानं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"वाच, काय लिहिलं ते."

मी मोठ्यानं वाचलं. "महोदय, माझ्या चौथ्या पातळीच्या गुणपत्रिकेत 'हाताची ठेवण' या रकान्यात..."

"थांब," बाबा म्हणाले. "त्याले महोदय काहून म्हणून राह्यली तू?"

मी महोदय खोडलं.